वाद्याचं नाव छापा

बारावीचे निकाल लागले की अभियांत्रिकी, वैद्यकीय, वाणिज्य यांच्या प्रवेशांनी वर्तमानपत्रांची पानंच्या पानं भरतात. संगीताच्या पदवीची जाहिरात आलीच तर एका कोपऱ्यात, चार ओळींची: गायन, वादन, नृत्य, नाट्य. गाणाऱ्या मुलीला किंवा कथक करणाऱ्या मुलाला त्या चार ओळी पुरतात. पिशवीत पाच-सहा बासऱ्या घालून फिरणाऱ्या मुलाला त्यातून काहीच कळत नाही. ‘वादन’ या शब्दाखाली बहुतेक ठिकाणी सतार, व्हायोलिन, पेटी, तबला एवढंच असतं आणि ते कळायला चौकशीच्या खिडकीपर्यंत जावं लागतं. खिडकीतला माणूस म्हणतो, ‘बासरी? हो, चालेल की.’ ‘चालेल’ आणि ‘शिकवू’ यांत केवढं अंतर आहे, हे मुलाच्या लक्षात येईपर्यंत पदवीची तीन-चार वर्षं निघून गेलेली असतात.

मागणी एवढीच आहे, की जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संगीत विभागांनी प्रवेशाच्या आधी वाद्यागणिक माहिती छापावी. कुठलं वाद्य, कोण शिकवणार, आठवड्याला किती तास, कुठल्या खोलीत. बासरी, सनई, सुंदरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांना याची गरज सगळ्यांत जास्त आहे, आणि ती का, हे पुढच्या मुद्द्यांत आहे.

१. जागा वाद्यागणिक मोजाव्यात

अमेरिकेत क्लॅरिनेट वाजवणारं पोर कॉलेज शोधायला लागलं, की विद्यापीठाच्या नावाइतकंच किंवा त्याच्या आधी तिथे क्लॅरिनेट कोण शिकवतं ते बघतं. अर्ज भरण्यापूर्वी त्या प्राध्यापकाकडे एखादा धडा घेऊन पाहण्याची तिथे रीत आहे. जमलं तर ठीक, नाहीतर दुसरं दार. फिलाडेल्फियाची कर्टिस इन्स्टिट्यूट १९२४ सालची. १९२८पासून ती विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेत नाही. तिथे एखाद्या वर्षी ओबोच्या किती जागा भरायच्या, हे तिच्या वाद्यवृंदातल्या ओबोच्या किती खुर्च्या रिकाम्या होतात यावर ठरतं. म्हणजे मोजमाप वाद्याचं.

आपल्याकडे वाद्यवृंदाची ती परंपरा नाही आणि तो थाट परवडणाराही नाही, हे मान्य. पण रॉटरडॅमच्या संगीत महाविद्यालयात बासरी हे मुख्य वाद्य घेऊन शिकता येतं आणि तिथल्या भारतीय संगीताच्या विभागाचे कलाप्रमुख हरिप्रसाद चौरसिया होते. हॉलंडमधल्या संस्थेला बासरीचं नाव घेऊन विद्यार्थी बोलावता येतो. मुळा-मुठेच्या किंवा पंचगंगेच्या काठावर ते का अवघड असावं, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

२. फुंक कोण शिकवणार?

बासरीला पडदे नाहीत, तारा नाहीत, पत्ती नाही. ओठांच्या फटीतून निघालेली हवा तोंडाच्या भोकाच्या पलीकडच्या कडेवर आदळून दुभंगते आणि सूर तिथे तयार होतो. ओठ तांदळाच्या दाण्याइतका पुढे सरकला की सूर उतरतो. मागे गेला की चढतो आणि फुसका होतो. नवशिक्याला सूर सापडत नाही म्हणून तो जोर लावतो, तर सप्तकच बदलून वरचा सूर किंचाळतो. मोठ्या बासरीत आणखी एक भानगड आहे. तिची भोकं इतकी लांब लांब असतात, की बोटांची टोकं पुरत नाहीत. मधल्या पेरांनी ती झाकावी लागतात. मनगट किती वळवायचं, खांदा किती सोडायचा, बासरीचा भार कुठल्या अंगठ्यावर घ्यायचा, हे सुरुवातीला नीट बसलं नाही तर पुढे हात दुखायला लागतो, आणि तोवर सवय हाडात मुरलेली असते. समोर बसून, विद्यार्थ्याच्या ओठांकडे आणि मनगटाकडे बघत दुरुस्त करण्याचं हे काम आहे. ज्याने स्वतः फुंकलेलं नाही त्याला चूक ऐकू येईल, पण ती कुठून येते ते दिसणार नाही.

सनईचं याहून बिकट. तिथे पत्ती ओठांत धरायची, तिच्यावरचा दाब सुरागणिक बदलायचा, आणि दमसास असा कमवायचा की गालांत साठवलेली हवा सोडता सोडता नाकाने श्वास घेता यावा आणि सूर कुठेही तुटू नये. पत्ती ओली किती करायची, तासायची कुठे, वाजवता वाजवता बसली तर उठवायची कशी, हे सगळं शिक्षणाचाच भाग आहे.

यावर विभागांचं एक ठरलेलं उत्तर असतं: राग सगळ्या वाद्यांना तेच, आमचे सतारीचे सर बासरीही घेतात. हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. चौरसिया ज्यांना आपला मोठा गुरू मानतात त्या अन्नपूर्णादेवी सूरबहार वाजवत. बासरीवादक नित्यानंद हळदीपूरही त्यांच्याकडेच शिकले. पण क्रम बघा. चौरसियांनी अलाहाबादेत पंडित भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडून बासरी घेतली, कटकच्या आकाशवाणीत नोकरी केली, मुंबईत नाव कमावलं आणि मग अन्नपूर्णादेवींचं दार ठोठावलं. हळदीपूर हे थोर बासरीवादक पन्नालाल घोषांच्या परंपरेत, देवेंद्र मुर्डेश्वरांकडे तयार होऊन तिथे पोहोचले. दोघांचीही फुंक आधीच पक्की होती. चौरसियांनी तर नव्या गुरूकडे कोऱ्या पाटीने शिकायचं म्हणून बासरी धरायची बाजूच बदलली, उजवीची डावीकडे घेतली. ही मोकळीक हात तयार असलेल्यालाच घेता येते. अठराव्या वर्षी, अर्धी फुंक घेऊन आलेल्या मुलाला सतारीचे सर यमन उत्तम शिकवतील. पण त्याचा पंचम दर वेळी का हलतो, हे ते सांगू शकणार नाहीत.

तेव्हा पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रश्न असा विचारावा: रागाचे गुरू कोण, ते कळलं, वाद्याचे गुरू कोण? उत्तरात माणसाचं नाव आलं पाहिजे. ‘व्यवस्था होईल’ हे नाव नाही.

३. पट्टीचं काय?

हा मुद्दा गाणाऱ्यांच्या सहसा डोक्यातच येत नाही, आणि संगीत विभाग बहुधा गाणाऱ्यांच्या हाती असतात.

विभागात तंबोरे असतात, पेटी असते, तबल्याचे दोन-तीन जोड असतात. मुलींची पट्टी काळी चार-पाचच्या आसपास, मुलांची काळी एक किंवा तिच्या जवळपास. सगळा सरंजाम या दोन टोकांसाठी लावलेला. मैफलीत सर्रास वाजते ती मोठी बासरी पांढरी तीनची, म्हणजे दोघांच्या मधोमध. गाणारा गरज पडली तर अर्धा सूर खाली-वर होतो, सतारीची खुंटी थोडी पिळता येते. बासरीचा षड्‌ज तापलेल्या सळईने बांबूत एकदा भोक पाडलं की ठरला. सामूहिक तासाला काळी चार लावली, तर बासरीवाल्याने त्या पट्टीची आखूड बासरी काढायची. आखूड बासरीवर हात वेगळा पडतो, फुंक वेगळी लागते, मंद्र सप्तकाची खोली जाते. रियाज मोठीवर आणि वर्ग आखूडीवर, असं वर्षभर चाललं की दोन्हीकडचं नुकसान. शेवटी तो मुलगा मागे बसून ऐकतो आणि हजेरी लावून घरी जातो.

तबल्याचंही तसंच. पांढरी तीनला नीट बोलणारा दायाँ विभागात असावा लागतो. काळी चारचा ठोकून ठोकून खाली उतरवला तर शाई बोलत नाही. त्यात सभागृहातलं वातानुकूलन. गार हवेत बांबूचा सूर उतरतो, फुंकून गरम झाला की चढतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा मात्र जिथल्या तिथे. परीक्षकाला हे ठाऊक नसेल तर तो ‘बेसूर’ असं लिहून मोकळा होतो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी वाद्य तापवायला पाच-दहा मिनिटं द्यावीत, एवढी साधी सूचना परीक्षेच्या नियमांत घालायला कुठला निधी लागतो?

४. अभ्यासक्रम सतारीसाठी लिहिलेला

वादनाचे अनेक अभ्यासक्रम उघडून पाहिले तर अमुक रागांत मसीतखानी गत, तमुक रागांत रजाखानी गत, तोडे, झाला, शिवाय कृंतन, जमजमा यांची माहिती असं दिसतं. ही सगळी तंतुवाद्यांची भाषा आहे. सतारीतला झाला चिकारीच्या तारांवर उभा असतो. बासरीला चिकारी नाही. जिभेच्या आघातांनी झाल्यासारखा परिणाम साधता येतो आणि चौरसियांनी आलाप-जोड-झाल्याची तंतकारी बांधणी बासरीवर फार देखणी करून दाखवली. पण ती बासरीची एक वाट झाली.

दुसरी वाट पन्नालाल घोषांची. बारिसालमध्ये १९११ साली जन्मलेला हा माणूस मुंबईच्या सिनेमात वाजवत होता. लोकसंगीतातली वेळूची बासरी त्याने ३२ इंचांपर्यंत लांबवली आणि मंद्रातल्या तीव्र मध्यमासाठी तिला सातवं भोक दिलं. ही खटपट कशासाठी? विलंबित ख्याल गळ्यासारखा वाजवता यावा यासाठी. १९६०मध्ये ते गेले, पण त्यांच्या गायकी अंगाची परंपरा मुंबई-पुण्यात मुर्डेश्वरांनी, केशव गिंड्यांनी, हळदीपुरांनी टिकवली. महाराष्ट्रात बासरी शिकणारी बरीच मुलं याच परंपरेतल्या कुणाकडे तरी शिकलेली असतात. त्यांच्या बंदिशी ख्यालाच्या, बढत ख्यालाची. परीक्षेत त्यांना मसीतखानी गत विचारली जाते. मग ती पुस्तकातून गत पाठ करतात, तीन महिने वाजवतात, गुण मिळवतात आणि विसरतात. गुरूने दहा वर्षांत जे दिलं ते गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाही.

अभ्यास मंडळाने एका बैठकीत सोडवावा असा हा प्रश्न आहे: ‘गत किंवा बंदिश, वाद्याच्या अंगानुसार’ असे शब्द घालायचे. आणि सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांसाठी एक स्वतंत्र पत्रिका: श्वास, फुंक, जिभेचे बोल, वाद्याची निगा. बांबू उन्हाळ्यात तडकू नये म्हणून दोरा कसा गुंडाळायचा, तेल कधी लावायचं, हेही त्यात यावं. विदर्भातल्या मे महिन्यात हा विषय अभ्यासक्रमातल्या कुठल्याही श्रुतिविचारापेक्षा निकडीचा असतो.

५. रियाजाची खोली

सतार वसतिगृहाच्या खोलीत दार लावून वाजवता येते. सनई वाजवता येत नाही. पहिल्याच दिवशी रेक्टर वर येतात. बासरीचा पहाटेचा मंद्राचा अभ्यास शेजारच्याला जागं करतो, आणि भाड्याच्या खोलीत तर घरमालक महिना संपायची वाट बघत नाही. म्हणून विभागातल्या खोल्या सकाळी सहाला उघडतात की साडेदहाला शिपाई आल्यावर, ही चौकशी फुंकणाऱ्या विद्यार्थ्याने सगळ्यांत आधी करावी. इमारत कितीही देखणी असो.

६. तासिका तत्त्वावरचा गुरू

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत कितीतरी मंजूर पदं रिकामी आहेत आणि शिकवणं तासिका तत्त्वावर चालतं, हे सगळ्याच विषयांचं दुखणं. संगीतात त्याचा मार वेगळा बसतो. इतिहासाचे सर बदलले तरी इतिहास तोच राहतो. बासरीचे गुरू जुलैत नेमले, मार्चमध्ये सुटले, पुढच्या जुलैत दुसरे आले आणि त्यांनी ‘हे धरणं चूक, पुन्हा पहिल्यापासून’ म्हटलं, की विद्यार्थ्याचं वर्ष गेलं.

पदव्युत्तर पदवी नसलेले कलावंत नेमता येत नाहीत, ही सबब आता पुरेशी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांतच संगीतासाठी पारंपरिक आणि व्यावसायिक कलावंतांची वेगळी वाट आहे. काही अटी आहेत, त्यांत आकाशवाणी-दूरदर्शनचा ‘ए’ दर्जा मोडतो. २०२२मध्ये आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली. तिथे औपचारिक पदवीची अट नाही, क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, आणि मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. ही सोय उद्योगांतल्या अधिकाऱ्यांसाठी जितकी आहे तितकीच सनईवाल्यासाठीही आहे. किती संगीत विभागांनी असा प्रस्ताव कुलगुरूंपुढे ठेवला, हा प्रश्न अधिसभेत विचारायला हरकत नाही.

७. ज्यांच्या घरात वाद्य आहे त्यांचं काय?

महाराष्ट्रात सनई गावोगाव वाजते. देवळाच्या नगारखान्यात, लग्नात, जत्रेत, पालखीपुढे. ती वाजवणारी घरं होलार, मातंग, घडशी, गुरव अशा समाजांतली. पोर आठ-दहा वर्षांचं झालं की बापाच्या शेजारी बसून सूर धरतं. सनईच्या मागे तो एकच षड्‌ज तासन्‌तास अखंड धरून ठेवणं ही दमसासाची अशी तालीम आहे, की कुठल्याही महाविद्यालयाने हेवा करावा. सोलापूरच्या जाधव घराण्याने सनईहून लहान असलेली सुंदरी मैफलीच्या बैठकीवर आणून बसवली. पुण्याचे शंकरराव गायकवाड सनईवर रागदारी वाजवत. बिस्मिल्ला खाँसाहेबांना २००१मध्ये भारतरत्न मिळालं.

आणि तरी संगीताच्या पदवी वर्गांत या घरांतली मुलं अभावानेच दिसतात. चाचणीत त्यांना आरोह-अवरोह, थाट, वादी-संवादी विचारतात, भातखंडे पद्धतीत स्वरलिपी लिहायला सांगतात. त्यांनी लग्नाच्या सीझनमध्ये रोज सहा तास वाजवलेलं कुठल्या रकान्यात लिहायचं? त्यातून हजेरीची अट अशी, की मे-जूनमधली लग्नं आणि गणपती-नवरात्रातली सुपारी सोडायची तर घराचं उत्पन्न बुडतं. हा प्रश्न शिष्यवृत्तीने अर्धाच सुटेल. चाचणीत आधी वाजवून घ्या आणि शास्त्र पहिल्या वर्षात शिकवा. बाहेर वाजवलेल्या कामाला ‘क्षेत्रकार्य’ म्हणून श्रेयांक द्या. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात हे चालतं, मग इथे का नाही?

एक गोष्ट उघड बोलली जात नाही. तोंडाने फुंकायच्या वाद्याला उष्टं मानण्याची जुनी खोड, वाजंत्र्याला ओसरीच्या आत न घेण्याची खोड, आणि ‘शास्त्रीय वादन’ म्हणजे तंतुवाद्य ही समजूत या एकमेकींच्या नात्यातल्या आहेत. कृष्णाच्या हातातली म्हणून बासरी त्यातून सुटली. सनई सुटली नाही.

८. क्लॅरिनेटवाल्यांचं खरं कॉलेज

क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन वाजवणाऱ्या मराठी मुलाला विद्यापीठात जवळजवळ जागाच नाही. त्याचं शिक्षण बँडमध्ये होतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत पुण्याच्या प्रभात बँडसारखं पथक ऐकलं की कळतं, क्लॅरिनेट हा तिथला गायक आहे. गाण्याची ओळ तोच म्हणतो. व्यवस्थित, पायरीपायरीने शिकवण देणाऱ्या जागा या देशात गणवेशातल्या आहेत. पचमढीला लष्कराची संगीत शाखा, मुंबईत कुलाब्याला आयएनएस कुंजालीवरची नौदलाची संगीत शाळा. तिथे नोटेशन, सिद्धान्त, वाद्य आणि सामूहिक वादन हे सगळं शिकवतात आणि वर पगार देतात. राज्य राखीव दलाचे आणि पोलिसांचेही बँड आहेत. बारावीनंतर क्लॅरिनेट घेऊन विद्यापीठाचे उंबरे झिजवणाऱ्याला मी तरी आधी भरतीची जाहिरात बघ म्हणेन.

गोव्यात चर्चच्या शाळांतून नोटेशन वाचायला शिकलेल्या पिढ्यांनी मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले; पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण आजही मिळतं. मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये (एनसीपीए) २००६मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. त्यात परदेशी वादकांचा भरणा मोठा आहे, आणि त्यांना बोलावणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. देशात ओबो, बॅसून वाजवणारे घडवले किती? दक्षिणेत कद्री गोपालनाथांनी सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवून त्याला मैफलीत आणि देवळात मान मिळवून दिला. म्हणजे वाद्य परकं असणं हा अडथळा नाही.

विद्यापीठांनी इथे नवीन विभाग काढू नयेत. ते अर्धवट राहतील. लष्कराच्या आणि नौदलाच्या बँडमधले बँडमास्तर तुलनेने लवकर निवृत्त होऊन मोकळे होतात. त्यांना शिकवायला बोलवावं आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजसारख्या बाहेरच्या संस्थांच्या परीक्षांना श्रेयांक द्यावेत.

९. ‘विद्यार्थीच येत नाहीत’

हा आक्षेप प्रामाणिक आहे. एका विद्यापीठात बासरीचे तीन आणि सनईचा एक विद्यार्थी असेल, तर त्यांच्यासाठी पूर्ण वेळ गुरू नेमणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. पण राज्यात विद्यापीठं एकाहून जास्त आहेत. शैक्षणिक श्रेयांक पेढी २०२१पासून आहे. एका ठिकाणी मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या ठिकाणी जमा करता येतात. तर मग सनई-सुंदरी सोलापुरात, बासरी पुण्या-मुंबईत, पाश्चात्त्य फुंकवाद्यं गोव्याच्या सहकार्याने, अशी वाटणी करून विद्यार्थ्याला एका सत्रापुरतं तिथे पाठवायला कायद्याची अडचण नाही. अडचण आहे ती ‘आमचा विद्यार्थी, आमची गुणपत्रिका’ या वृत्तीची. पुण्याच्या ललित कला केंद्राने गुरुकुलाची कल्पना विद्यापीठाच्या चौकटीत आणून दाखवली आहे. मुंबईत आणि भुवनेश्वरला चौरसियांची गुरुकुलं आहेत. गुरुकुलाने शिकवावं आणि विद्यापीठाने पदवी द्यावी, असा करार करायला कागदापलीकडे फारसं काही लागत नाही.

१०. नोकरी

इथे मुलांना फसवू नये. एकेकाळी आकाशवाणी ही वादकांची मोठी पोशिंदी होती. चौरसिया १९५७मध्ये कटक केंद्रावर लागले. पन्नालाल घोष १९५६पासून दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचं संचालन करत होते. बासरीवादक विजय राघव राव आणि रघुनाथ सेठ सरकारच्याच फिल्म्स डिव्हिजनमध्ये होते. ती दारं आता जवळजवळ बंद आहेत. पदवीने मैफली मिळत नाहीत. शाळेत संगीतशिक्षक व्हायचं किंवा नेट-सेट देऊन प्राध्यापक व्हायचं, तर पदवी हवीच. निव्वळ वाजवायचं असेल तर चांगला गुरू आणि पोटापुरती दुसरी पदवी हा मार्गही तितकाच सन्मानाचा आहे. संगीत विभागांनीच हे प्रवेशाच्या दिवशी सांगावं.

११. नियम आहे, तो वाद्यापर्यंत न्यावा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विद्यार्थी तक्रार निवारणाच्या २०२३च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेने प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी माहितीपुस्तिका प्रसिद्ध करायची असते. त्यात अभ्यासक्रम, जागा, शुल्क, अध्यापकांची नावं, पात्रता, ते कायम आहेत की अभ्यागत, सोयीसुविधा, हे सगळं द्यायचं असतं. ते दिलं नाही तर तक्रार करता येते आणि विद्यापीठाच्या लोकपालापर्यंत जाता येतं. नियमात ‘वाद्यागणिक’ हा शब्द नाही, एवढीच उणीव. ती भरायला दिल्लीला जायची गरज नाही. विद्यापीठाच्या विद्या परिषदेचा एक ठराव पुरे. संगीत घेऊन पदवीधर झालेल्यांनी अधिसभेच्या पदवीधर मतदारसंघात नावं नोंदवली, तर हा ठराव मागणारी माणसंही निवडून देता येतील.

तोवर माहितीचा अधिकार आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे चार गोष्टी मागाव्यात: गेल्या पाच वर्षांत वादन या विषयाला वाद्यागणिक किती प्रवेश झाले, बासरी, सनई, क्लॅरिनेट शिकवणाऱ्यांची नावं आणि त्यांच्या नेमणुकीचे आदेश, या वाद्यांच्या प्रत्यक्ष झालेल्या तासांची नोंदवही, आणि प्रात्यक्षिक परीक्षेला त्या वाद्याचा परीक्षक होता की नाही. हे सगळं कागदावर असणारं आहे, म्हणून ‘मत विचारता येत नाही’ ही पळवाट इथे चालत नाही. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. मार्चच्या अखेरीला अर्ज टाकला, तर बारावीचा निकाल लागायच्या आत कागद हातात पडतात.